चंद्रपूर-गडचिरोलीतून लंडन-अमेरिका, तेही पॉइंट्सवर! हे खरंच जमतं का?

लेक अमेरिकेत नोकरीला, आई-बाबा चंद्रपुरात. दोघांचं जाऊन-येऊन तिकीट काढायचं म्हटलं की आकडा लाखाच्या पुढे जातो. आणि इकडे रील्सवाले सांगतात, 'मी पॉइंट्सवर फुकट गेलो.' फुकट वगैरे काही नसतं. पण तिकीट बरंच स्वस्त पडू शकतं, हे खरं आहे.

या प्रकाराला सुरुवात झाली ती अमेरिकेत. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेज ही योजना आणली. जितका प्रवास तितके माइल्स, आणि माइल्स साठले की एक तिकीट. आज माइल्स म्हणा की पॉइंट्स, ते विमानात बसून कमी आणि क्रेडिट कार्डावर खर्च करून जास्त मिळतात. आपल्याकडे एअर इंडियाची जुनी फ्लाइंग रिटर्न्स आता महाराजा क्लब झाली आहे.

खरी मेख आहे ती भागीदारीत. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. म्हणजे युनायटेड किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या खात्यातले पॉइंट्स वापरून एअर इंडियाचं तिकीट काढता येतं. कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज या दोघांचं चलन एकच, ॲव्हिओस. त्यामुळे तुमच्या गावाजवळून कोणतं विमान उडतं यापेक्षा तुमचे पॉइंट्स कोणाकोणाकडे चालतात हे जास्त महत्त्वाचं.

आता आपल्या भागाचं बघू. चंद्रपूरकरांसाठी विमानतळ म्हणजे नागपूर, साधारण १५० किलोमीटर. गडचिरोली शहरातूनही नागपूरच. पण सिरोंचावाल्यांनी नकाशा उघडावा. त्यांना नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ आहे, आणि तिथून परदेशी विमानं नागपूरपेक्षा कितीतरी जास्त सुटतात. बल्लारपूर-चंद्रपूरकरांनाही सिकंदराबादची थेट रेल्वे आहे. पॉइंट्सच्या जागा शोधताना फक्त 'नागपूर' टाकून 'काही मिळत नाही' म्हणणारे बरेच असतात. हैदराबाद, दिल्ली, मुंबई असं टाकून बघा, चित्र बदलतं.

मात्र इथे एक धोका आहे. समजा दिल्ली-लंडन तिकीट पॉइंट्सवर काढलं आणि नागपूर-दिल्ली दुसऱ्या कंपनीचं वेगळं घेतलं. धुक्यामुळे पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि तिकीटही वाया जाऊ शकतं. नागपूरपासूनचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन तिकिटं काढावीच लागली तर एक दिवस आधी पोहोचा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जात असाल तर नक्कीच.

बरं, पॉइंट्स वापरणं फायद्याचं आहे की नाही हे कसं ठरवायचं? समजा रोख तिकीट ८०,००० रुपये. पॉइंट्सवर ४०,००० पॉइंट्स अधिक ३०,००० रुपये कर आणि शुल्क. म्हणजे वाचले ५०,०००, एका पॉइंटला सव्वा रुपया मिळाला. हेच पॉइंट्स शॉपिंग व्हाउचरमध्ये घातले असते तर अनेक कार्डांवर काही पैसेच हाती येतात. पण कधी कधी सेलमध्ये रोख तिकीटच इतकं उतरतं की पॉइंट्स राखून ठेवलेले बरे. कर तर भरावेच लागतात. लंडनहून निघताना ब्रिटनचा प्रवासी कर लागतो, आणि बिझनेस क्लासला तो इकॉनॉमीपेक्षा जास्त असतो. 'बिझनेस क्लास फुकट' म्हणणारे हे सांगत नाहीत.

आपल्या घरांमध्ये सगळ्यात सोपा मार्ग बहुतेकदा परदेशातल्या मुलांकडूनच जातो. अमेरिकेत नव्या कार्डावर ठराविक खर्च केला की ५०-६० हजार पॉइंट्स देणारी कार्डं सर्रास मिळतात. स्वतःच्या खात्यातून आई-बाबांचं तिकीट काढायला बहुतेक योजना परवानगी देतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये त्यासाठी आधी नावं नोंदवावी लागतात. त्यांचे माइल्स ३ वर्षांत संपतात, युनायटेडचे संपत नाहीत. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, आधार कार्डवरचं नाही.

एक चूक मात्र महागात पडते. कार्डाचे पॉइंट्स एकदा विमान कंपनीकडे वळवले की सहसा परत येत नाहीत. आधी जागा आहे का बघा, मगच वळवा. पॉइंट्सच्या जागा मोजक्या असतात. बऱ्याच कंपन्या त्या प्रवासाच्या साधारण ११ महिने आधी खुल्या करतात. दिवाळीचं तिकीट दसऱ्याला शोधून उपयोग नाही.

सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या मुलांचा हिशोब वेगळा. राज्याच्या राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीत विमानभाडं मिळतं. मग पॉइंट्सवर तिकीट काढू नका, कारण त्यात भाड्याचं बिलच नसतं. उलट रोख तिकीट काढताना योजनेचा सदस्य क्रमांक टाका. भाडं कोणीही भरलेलं असो, पॉइंट्स प्रवाशाच्या खात्यात जमा होतात. बोर्डिंग पास जपून ठेवा, नोंद राहिली तर दावा करता येतो.

आणि फेसबुक-टेलिग्रामवर 'स्वस्तात माइल्स विकतो' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. माइल्सची अशी खरेदी-विक्री योजनांच्या नियमात बसत नाही. कंपनीच्या लक्षात आलं तर तिकीट ऐनवेळी रद्द होतं आणि खातंही बंद. तसंच पॉइंट्ससाठी कार्डाचं बिल थकवलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. त्या व्याजात दोन-चार महिन्यांत पॉइंट्सची सगळी कमाई बुडते. ज्यांचं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं, हा खेळ त्यांच्यासाठीच आहे.