रांजणाचे भोक आणि औषधाची गोळी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीच्या वर्गात मी किरणोत्सारी पदार्थांचे अर्धायुष्य शिकवीत होतो. तास संपल्यावर घनसावंगी तालुक्यातून रोज एस. टी.ने येणारा एक विद्यार्थी मागे थांबला.

"सर, औषधालाही अर्धायुष्य असते का?"

"असते. पण तुला हे आज का सुचले?"

तेव्हा त्याने घरची हकिगत सांगितली. त्याच्या आजोबांना मधुमेह. ग्लिक्लाझाइड नावाच्या गोळीवर त्यांची साखर आठ वर्षे आटोक्यात होती. मग खोकला जडला, थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. खोकला कमी झाला, पण महिन्याभरात साखर मात्र वाढत चालली. गोळी तीच, भाकरी तेवढीच, शेतात जाणेही चालूच. आजोबांनी निदान केले, "या नव्या गोळ्या मला बाधल्या. बंद करतो."

हे ऐकून मी दचकलो. क्षयाच्या गोळ्या अर्ध्यात सोडल्या तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि कधी कधी त्या औषधांना दाद देईनासे होतात. मग तो रोग घरातल्या इतरांनाही जडू शकतो. मी त्याला म्हणालो, "गोळी एकही बंद करू नका. दोन्ही पाकिटे आणि दोन्ही चिठ्ठ्या घेऊन आधी डॉक्टरांकडे जा." साखरेची चिठ्ठी एका गावची होती, क्षयाची दुसऱ्या गावची. एका डॉक्टरांची चिठ्ठी दुसऱ्यांना कोणी दाखवलीच नव्हती!

मित्रांनो, आजोबांच्या शरीरात काय चालले होते? ते समजण्यासाठी आपण एक रांजण घेऊ या.

आवक आणि जावक

आपल्या जालना जिल्ह्यात पाण्याचा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. तलावात किती पाणी आले एवढे पाहून भागत नाही, किती गेले तेही पाहावे लागते. समजा, एका मोठ्या रांजणात तासाला ६ लिटर पाणी पडते आणि तळाच्या भोकातून, असेल त्या पाण्याचा दहावा भाग दर तासाला निघून जातो. रांजणात ६० लिटर पाणी झाले की ६ लिटर येते आणि ६ लिटरच जाते. पातळी तेथेच स्थिर राहते.

आता आवक तीच ठेवून भोक मोठे करा. दहाव्या भागाऐवजी दहातले तीन भाग पाणी जाऊ द्या. पहिल्या तासाला ६० पैकी १८ लिटर जाईल, ६ येईल, उरेल ४८. दुसऱ्या तासाला उरेल ३९.६. असे उतरत उतरत पाणी २० लिटरवर थांबेल. भोक तिप्पट झाले, पाणी तिसऱ्या हिश्शावर आले! नळाला मात्र कोणी हातही लावलेला नाही.

शरीर हा असाच रांजण आहे. रोजची गोळी ही आवक. यकृत आणि मूत्रपिंडे ही जावक. पातळी फार खाली गेली तर औषध असून नसल्यासारखे, फार वर गेली तर तेच विष. या दोन रेषांच्या मधे पाणी राखण्यासाठी डॉक्टर मात्रा ठरवतात.

आता आजोबांच्या रांजणाचे भोक कोणी मोठे केले ते पाहू.

लाल गोळीचा प्रताप

क्षयाच्या औषधांत रिफॅम्पिसिन हे एक प्रमुख औषध आहे. त्याच्या तांबूस रंगामुळे रुग्णाची लघवीही नारिंगी होते. डॉक्टर हे आधीच सांगून ठेवतात, नाहीतर माणूस घाबरून जाईल. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून इटलीतील मिलान येथील संशोधकांनी १९५० ते १९७० च्या दरम्यान हे औषध तयार केले. त्यामुळे क्षयाचा दीड-दोन वर्षांचा उपचार पुढे सहा महिन्यांवर आणता आला. इतके ते मोलाचे आहे.

पण १९७१ च्या सुमारास जर्मनीतील डॉक्टरांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या काही स्त्रियांना क्षयासाठी रिफॅम्पिसिन दिले, तर त्या गोळ्या कुचकामी ठरू लागल्या. काहींना तर दिवस गेले. गोळी चुकलेली नव्हती. मग ती गेली कोठे?

उत्तर यकृतात होते. यकृताच्या पेशींत औषधे मोडून टाकणारी एंझाइमे असतात. त्यांच्या एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे सायटोक्रोम पी-४५०. हे नाव भौतिकशास्त्राने दिलेले आहे. १९५८ साली यकृतपेशींत एक रंगद्रव्य आढळले. कार्बन मोनॉक्साइड वायूशी जोडले गेले की ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषून घेई. १९६२ साली ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी त्याला पी-४५० म्हटले. 'पी' म्हणजे पिगमेंट, रंगद्रव्य.

रिफॅम्पिसिन पोटात गेले की यकृताच्या पेशी ही एंझाइमे जास्त प्रमाणात बनवू लागतात. म्हणजे भोक मोठे होते. हे एका रात्रीत होत नाही. नवी एंझाइमे तयार व्हायला काही दिवस लागतात. म्हणूनच आजोबांची साखर पहिल्या दिवशी वाढली नाही, हळूहळू वाढत गेली.

संशय आणि पुरावा

येथे एखादा चौकस विद्यार्थी हरकत घेईल, "सर, क्षयासारख्या आजारानेही साखर वाढते. मग दोष औषधावर कसा?" हरकत अगदी बरोबर आहे. एका आजोबांच्या उदाहरणावरून काहीच सिद्ध होत नाही. ती केवळ एक नोंद.

मग पुरावा कसा मिळवायचा? ज्यांना ना क्षय आहे, ना मधुमेह, अशा निरोगी माणसांना तयार करायचे. २००३ साली कोरियातील संशोधकांनी हेच केले. नऊ निरोगी स्वयंसेवकांना काही दिवस रिफॅम्पिसिन देऊन नंतर ग्लिक्लाझाइडची एक गोळी दिली आणि रक्तातले त्याचे प्रमाण मोजले. रिफॅम्पिसिनशिवाय ग्लिक्लाझाइडचे अर्धायुष्य सुमारे साडेनऊ तास होते. रिफॅम्पिसिननंतर ते सव्वातीन तासांच्या आसपास आले. शरीराला मिळालेले एकूण औषध सुमारे ७० टक्क्यांनी घटले. आपल्या रांजणातले ६० लिटरचे २० लिटर आठवा!

भोक बुजले तर?

याच्या उलटही घडते. दुसरे औषध जाऊन भोकात बसले तर पाणी चढत जाते. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध एके काळी जगभर खपत असे. यकृत ते जवळजवळ सगळे मोडून टाकी. १९९० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका ३९ वर्षांच्या स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. तिने टर्फेनाडिनसोबत कीटोकोनाझोल हे बुरशीवरचे औषध घेतले होते आणि तिच्या हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडले होते. कीटोकोनाझोलने एंझाइम अडवून धरले होते. मोडले न गेलेले टर्फेनाडिन रक्तात साठले आणि हृदयाच्या विद्युत्‌लहरींत त्याने गोंधळ घातला. पुढे अशा नोंदी वाढल्या आणि १९९८ साली अमेरिकेच्या बाजारातून हे औषध मागे घेतले गेले. त्याच्या जागी काय आले? टर्फेनाडिन मोडून यकृत जो पदार्थ बनवी तोच, फेक्सोफेनाडिन. ॲलर्जीवर तो गुणकारी आहे आणि हृदयाला तसा त्रास देत नाही.

म्हणजे एका दवाखान्यातली एक नोंद जगाच्या उपयोगी पडू शकते. अशा नोंदी देशोदेशींहून गोळा करण्याचे काम जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली सुरू केले. १९७८ पासून त्याचे केंद्र स्वीडनमधील उप्साला येथे आहे. भारतात २०१० पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालतो आणि त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. औषधाने त्रास झाल्याचा संशय आला तर रुग्णही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो.

पुढे काय झाले?

आजोबांच्या डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या आणि साखरेसाठी तात्पुरते इन्सुलिन सुरू केले. इन्सुलिन हे प्रथिन आहे. पी-४५० एंझाइमे त्याला मोडत नाहीत. ते भोक त्याच्यासाठी नाहीच! क्षयाच्या गोळ्या सहा महिने पूर्ण झाल्या. त्यानंतर रक्त तपासत तपासत जुनी गोळी पुन्हा सुरू झाली.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील. त्यांच्या सगळ्या औषधांची नावे एका कागदावर लिहा. काढे, चूर्णे, दुकानातून आणलेल्या गोळ्याही सोडू नका. कोणत्याही दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर द्या. मात्र मनाने कोणतीही गोळी बंद किंवा कमी-जास्त करू नका.

करून पाहा

१) एका डब्याला तळाशी बारीक भोक पाडून तो नळाच्या संथ धारेखाली धरा. पातळी स्थिर झाली की भोक थोडे मोठे करा. येथे एक फरक ध्यानात ठेवा. डब्यातून पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाहते, तर शरीरातून बहुतेक औषधे त्यांच्या प्रमाणातच जातात. मग भोकाचे क्षेत्रफळ दुप्पट केल्यास डब्यातली उंची किती होईल?

२) समजा, आपल्या मोठ्या भोकाच्या रांजणात पुन्हा ६० लिटर पाणी राखण्यासाठी आवक तिप्पट, म्हणजे तासाला १८ लिटर केली. सहा महिन्यांनी लाल गोळी थांबली आणि दोनेक आठवड्यांत भोक पूर्ववत लहान झाले. आवक मात्र कोणी कमी केली नाही. पाणी कोठवर चढेल? हे गणित सोडवा, म्हणजे औषध सुरू करतानाच नव्हे, तर थांबवतानाही डॉक्टरांना का विचारायचे ते तुमचे तुम्हालाच कळेल.