विश्लेषण : सोलापूरचे डाळिंब म्हातारपण लांबवते का?

भौगोलिक मानांकन मिळालेले सोलापूरचे डाळिंब तारुण्य टिकवते, असे अनेकदा सांगितले जाते. त्यात तथ्य किती?

संशोधन काय सांगते?

वृद्धत्वाच्या वेगावर जनुकांचा ताबा असतो, हे जनुकशास्त्रज्ञ सिंथिया केनियन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले. मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीच्या ‘डॅफ-२’ या एकाच जनुकात बदल असला, की त्याचे आयुष्य दुप्पट होते, असे त्यांना आढळले. याच जातीच्या कृमींना स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ‘युरोलिथिन ए’ हे द्रव्य दिले. त्यांचे आयुष्य सुमारे ४५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

डाळिंबाचा संबंध काय?

हे द्रव्य फळात तयार नसते. डाळिंबातील एलाजिटॅनिन या घटकापासून आतड्यातील जिवाणू ते बनवतात. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया निकामी झाल्या, की त्यांची विल्हेवाट लावण्यास ते मदत करते. मात्र असे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात.

मग खावे की नाही?

जरूर खावे. परंतु माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा अद्याप नाही. त्यामुळे मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या सोडून डाळिंबावर भिस्त ठेवणे धोक्याचे ठरेल.