पटावरची आणि पटाबाहेरची

२०११ या एकाच वर्षात महाराष्ट्रात दोन मोठ्या मोजण्या झाल्या. फेब्रुवारीत देशाची जनगणना झाली आणि ३ ते ५ ऑक्टोबरला राज्यातल्या शाळांची पटपडताळणी. पटपडताळणीत मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली आणि हजेरीपटावर आहेत पण वर्गात नाहीत अशी मुले मोठ्या संख्येने निघाली. जनगणनेत बौद्धिक दिव्यांग मुलांच्या बाबतीत उलटा प्रकार झाला. मूल घरात होते, ते कागदावर आले नाही. विशेष शाळेचा पट या दोन्ही चुकांच्या मधोमध उभा असतो. म्हणून अशी शाळा पाहिली की मी आधी पट मागतो, मग इमारत बघतो.

माझे औपचारिक शिक्षण बेताचे. जनगणनेची कोष्टके, कायद्यांच्या प्रती आणि न्यायालयांचे निकाल मी जमेल तसे स्वतःच वाचत आलो. नेवाशात राहतो, म्हणून हिशेबही नेवाशाचाच मांडतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांत बौद्धिक दिव्यांग (तेव्हाचा शब्द ‘मतिमंद’) सुमारे १ लाख ६० हजार. राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे दर हजारी दीडही नाही. नेवासा तालुक्याची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या वर होती. तेच प्रमाण लावले, तर तालुक्यात सगळ्या वयांची मिळून पाचशेच्या आसपास माणसे येतात. जगभरच्या अभ्यासांत बौद्धिक दिव्यांगतेचे प्रमाण साधारण एक टक्का धरतात. त्या हिशेबाने आकडा साडेतीन हजार व्हायला हवा.

मग तीन हजार माणसे गेली कुठे? लोकांनी लपवली, असे उत्तर पटकन सुचते आणि ते काही अंशी खरेही आहे. पण त्या एक टक्क्यातले साधारण ८५ टक्के सौम्य गटातले असतात. चौथी-पाचवीपर्यंत रेटतात, मागच्या बाकावर बसतात, मास्तर त्यांना ‘ढ’ म्हणतात, पुढे शेतात किंवा गुऱ्हाळावर कामाला लागतात. त्यांना कोणी दिव्यांग म्हणत नाही, ते स्वतःही म्हणवून घेत नाहीत. उरलेले १५ टक्के म्हणजे पुन्हा सव्वापाचशेच. माझा निष्कर्ष असा, की जनगणनेने मुख्यतः जी लपवताच येत नाहीत तीच माणसे मोजली. विशेष शाळेत येतात तीही यांच्यातलीच. ज्यांना बोलता येत नाही, जेवण भरवावे लागते, ज्यांना फिट येते अशी ही मुले. त्या पाचशेतला चौथा हिस्सा शाळेच्या वयाचा धरला तर सव्वाशे मुले होतात. अशा छोट्या शाळेचा पट तीस-चाळीसच्या पुढे सहसा जात नाही.

या मुलांसाठीच्या शाळांचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरातच वर्ग सुरू केला, त्याची ‘जय वकील’ शाळा झाली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशींची ‘कामायनी’ उभी राहिली, नाशिकला १९७७ मध्ये रजनीताई लिमयांनी ‘प्रबोधिनी’ सुरू केली. त्यांचा स्वतःचा मुलगाच बौद्धिक दिव्यांग होता. घरातून, मायेतून, मोजक्या मुलांवर सुरू झालेल्या या शाळा, आणि तिन्ही शहरांतल्या. तालुक्याच्या गावी हे लोण पोचायला वेळ लागला. पोचले तेव्हा सोबत अनुदान, मान्यता आणि पटसंख्या हे शब्दही आले.

तर हा पट कोणाचा असतो? पहिली गोष्ट, मुलग्यांचा. देशात २०११ मध्ये नोंदलेल्या बौद्धिक दिव्यांगांत पुरुष ८ लाख ७१ हजार आणि स्त्रिया ६ लाख ३५ हजार, म्हणजे शंभरात ५८ आणि ४२. काही आनुवंशिक कारणांनी मुलग्यांत हे प्रमाण थोडे जास्त असते, हे खरे. पण एवढी तफावत त्यातून निघत नाही. मुलीची नोंद केली तर तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, हा हिशेब आपल्याकडे घरोघर होतो. आणि नोंद झाली तरी मुलगी शाळेत येईलच असे नाही. दहा-अकरा वर्षांची झाली की आई म्हणते, “आता घरीच बरी.” यामागे भीती आहे, आणि ती खोटी नाही.

दुसरी गोष्ट, रस्त्याकाठच्या घरांचा. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि ज्याला रोज दोन फेऱ्या मारता येतात, त्याचे मूल पटावर. प्रमाणपत्रासाठी साठेक किलोमीटरवरच्या नगरला खेटे घालायचे, तर दर वेळी एक मजुरी बुडते. आणि कोपीतले मूल कोणाच्याच पटावर नसते. दिवाळीनंतर भेंडे आणि सोनईच्या कारखान्यांवर बीड-पाथर्डीकडून ऊसतोड मजूर येतात. धडधाकट मूल आजीजवळ ठेवता येते. ज्याला भरवावे लागते ते मूल सोबतच येते आणि हंगामभर कोपीत बसून राहते. गावाकडच्या पटावर त्याचे नाव असले तरी ते इथे असते, आणि इथल्या पटावर ते नसतेच.

आता सुरक्षेकडे येतो. माझ्या मते हा विषय पटापासून वेगळा नाही.

आपल्याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारे नाहीत म्हणून ते जगभर माहीत झाले. २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली त्याचे कौतुकही झाले. विशेष शाळेला मात्र हे परवडत नाही. या मुलांतल्या काहींना संधी मिळताच निघून जायची सवय असते, आणि बाहेर मुळा उजव्या कालव्याच्या चाऱ्या, कठडे नसलेल्या विहिरी, पुरुषभर उंचीचा ऊस असतो. ऊसात दहा पावले आत गेलेले मूल दिसत नाही, हाक मारली तर ओ देत नाही. हंगामात रस्त्यावर ऊसाच्या डबल ट्रॉल्या धावतात. म्हणून शाळा कडी लावते. पण कुलूप हाही धोकाच. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण गेले. त्यांना पळताच आले नाही. कडी मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर हवी, आतून एका झटक्यात निघणारी हवी आणि कुलूप नको, एवढा सोपा नियम आहे. खर्च जवळजवळ शून्य, आणि तरी तो सगळीकडे पाळलेला दिसत नाही.

खोटा पट इथे जिवावर येतो. पटावर साठ आणि वर्गात पस्तीस असतील, तर आग लागल्यावर अंगणात मुले मोजायची कशावरून? मुख्याध्यापकाला आत कोण राहिले ते कळणार नाही. अनुदानासाठी फुगवलेला आकडा हा पैशाचा घोटाळा म्हणून आपण पाहतो. मला त्यात याहून वाईट काही दिसते.

माणूसबळाचेही तेच. सर्वसाधारण शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे आणि पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. विशेष शाळेत मुले याहून अवघड, म्हणून माणसे जास्त हवीत. बौद्धिक दिव्यांगांत साधारण पाचात एकाला फिट येते. फिट आलेल्याला कुशीवर वळवून एक शिक्षिका शेजारी बसली, की बाकीच्या वर्गाकडे कोण बघणार?

मुलींच्या सुरक्षेबद्दल लिहिताना हात जड होतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये नगर-पुणे रस्त्यावरच्या शिरूर येथील सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. अत्याचार झाला तर निदान गर्भ राहणार नाही, हा विचारही तेव्हाच्या चर्चेत होता. म्हणजे अत्याचार गृहीत धरून उपाय मुलीच्या शरीरावर करायचा! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संमतीशिवाय अशी वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करायला मनाई केली. २०११ मध्येच पनवेलजवळ कळंबोलीच्या बालगृहातील अत्याचार बाहेर आले आणि २०१३ मध्ये संस्थाचालकाला न्यायालयाने दोषी ठरवले.

२०१२ चा पोक्सो कायदा या मुलांबाबत बराच नेमका आहे. मुलाच्या दिव्यांगत्वाचा फायदा घेऊन केलेला लैंगिक अत्याचार तो अधिक गंभीर मानतो. जबाब घेताना मुलाची भाषा समजणाऱ्या विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद त्यात आहे. आणि ज्याला अशी घटना कळली त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. संस्थेचे नाव जाईल म्हणून गप्प बसणे हाच गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर कॅमेऱ्यांची खूप चर्चा झाली. कॅमेरे असावेत, माझी हरकत नाही. पण न बोलणारे मूल अचानक अंघोळीला घाबरू लागले, एका विशिष्ट माणसाला पाहून टेबलाखाली जाऊ लागले, हे कॅमेऱ्याला कळत नाही. रोज त्याला भरवणाऱ्या बाईला कळते. ती बाई बहुधा तुटपुंज्या मानधनावर असते आणि वर्षभरात सोडून जाते. नवीन बाईला त्या मुलाचे आधीचे वागणे माहीतच नसते.

म्हणून चांगल्या शाळेत हजेरीपटाखेरीज एक साधी वही असते. प्रत्येक मुलाला एक पान. त्यावर फोटो, रक्तगट, फिटच्या गोळ्या आणि वेळा, घाबरले तर काय करते, कोणत्या आवाजाला ओ देते, घरी न्यायला कोण येऊ शकते आणि कोणाला पाठवायचे नाही. सरकार ही वही मागत नाही, म्हणून तीत खोटे लिहायचे कारण कोणालाच नसते.

पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे दारात विचारले की आतून ‘नाही’ येते, हा प्रगणकांचा जुना अनुभव. दिव्यांगांच्या मोजणीसाठी नेमलेल्या वॉशिंग्टन गट या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने यावर सहा छोटे प्रश्न काढले आहेत. दिसायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपड्यांना किंवा दुसऱ्याला सांगायला-समजायला अडचण येते का, आणि किती. त्यांत अपंग हा शब्द एकदाही येत नाही. आईला आपल्या मुलाचे नाव त्या शब्दाखाली लिहू द्यायचे नसते, पण “बोलायला अडचण येते का?” म्हटले तर ती सांगू लागते.