घाटातल्या रॅलीसाठी वॉकी-टॉकी निवडताना

समजा, अमरावतीच्या काही हौशी मंडळींनी मोटारींची रॅली ठरवली आहे. राजापेठ चौकात झेंडा दाखवायचा आणि परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढायचा. पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका, टी-शर्ट, सगळे झाले. राहता राहिले वॉकी-टॉकी. मग कुणीतरी इंटरनेटवरून स्वस्तातले डझनभर संच मागवतो. खोक्यावर छापलेले असते, 'पल्ला दहा किलोमीटर'.

हा आकडा अगदीच खोटा नसतो, पण तो सपाट मोकळ्या मैदानातला असतो. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. हातातला संच तोंडाशी धरला तर त्याचे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर, म्हणजे दोन्हीकडचे मिळून दहा. राजापेठेच्या इमारतींमध्ये तोच संच एक-दोन किलोमीटरवर अडखळतो, आणि घाटात डोंगर आडवा आला की मुका होतो. वॅट वाढवून डोंगर हटत नाही. त्यापेक्षा अँटेना उंच न्यावी. नियंत्रण कक्षाच्या गाडीच्या टपावर चांगली अँटेना हवी, आणि दोन्ही बाजू दिसतील अशा टेकाडावर निरोप पुढे देणारा एक माणूस बसवावा. उघड्या डोंगराळ भागात व्हीएचएफ संच सरस पडतात, तर इमारतींच्या दाटीत यूएचएफ.

मोबाइल आहे की, असे कुणी म्हणेल. मेळघाटात रेंज कुठे असते आणि कुठे नसते, हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. शिवाय फोनवर एक बोलतो, एक ऐकतो. वळणावर गाडी उलटली, तर 'पुढची गाडी सोडू नका' हा निरोप एकाच वेळी सुरुवातीच्या रेषेवर, रुग्णवाहिकेत आणि मधल्या प्रत्येक मार्शलच्या कानी पडला पाहिजे. बिनतारी संच लागतो तो यासाठी.

आता कायद्याचे. 1933 च्या बिनतारी कायद्याने विनापरवाना संच नुसता बाळगणेही गुन्हा ठरवले. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना 2018 पासून वापराचा परवाना लागत नाही. मात्र त्या मॉडेलला सरकारची 'ईटीए' ही मान्यता हवी. छोट्या मैदानी स्पर्धेला असे संच पुरतात, घाटाला नाही. त्याहून मोठ्या संचांसाठी केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेकडे अर्ज करावा लागतो, आणि तोही बऱ्याच आधी. स्वस्त संच पोलिसांच्या लहरींवरही सहज जाऊन बसतात, ही त्यातली खरी जोखीम. वेबसाइटवरील अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्राने 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वेच काढली. तेव्हा दुकानदाराचे 'काही होत नाही साहेब' पुरेसे समजू नये.

दुसरी वाट म्हणजे परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम मंडळी. 1980 च्या दशकातल्या हिमालयन रॅलीत त्यांनी संपर्काची बाजू सांभाळली होती. पण त्यांचे संच परवाना नसलेल्या मार्शलच्या हाती देता येत नाहीत आणि हे काम धंदा म्हणूनही करता येत नाही. प्रत्येक ठाण्यावर त्यांचाच माणूस बसावा लागतो.

संच घेताना बॅटरी काढून दुसरी घालता येते का, ते पाहावे. दिवसभराच्या स्पर्धेत एका बॅटरीवर विसंबता येत नाही. इंजिनांच्या गोंगाटात कानावर बसणारा हेडफोन नसेल तर महागडा संचही वाया जातो. आणि दुकानातल्या दुकानात 'हॅलो हॅलो' करून काही कळत नाही. आदल्या दिवशी दोन माणसांनी ठाण्याठाण्यावर थांबून बोलून पाहावे आणि जिथे आवाज तुटतो तिथे नकाशावर खूण करावी. मार्शल त्या खुणेवर नव्हे, तिच्या शंभर पावले अलीकडे किंवा पलीकडे उभा करावा.

स्पर्धेच्या दिवशी नियंत्रण कक्षात बोलणारा एकच माणूस असावा. बाकीच्यांनी आधी आपला ठाणे क्रमांक सांगायचा, मग निरोप, आणि अपघाताचा निरोप चालू असताना इतरांनी बटण दाबायचे नाही. शेवटची गाडी चिखलदऱ्याला पोचली तरी संच बंद करू नयेत. मागून येणारी आयोजकांची गाडी एकेक मार्शल उचलत वर येते, आणि 'सगळे आले' असे तिने कळवल्यावरच नियंत्रण कक्ष उठतो.