भाग ६ : स्क्रिप्टचं उत्तर रोबोटपर्यंत पोचवायचं कसं?

आमच्या भिलाईत लहान वर्कशॉप आणि ठेकेदार पुष्कळ. त्यांच्या ऑफिसात दर महिन्याच्या १५ तारखेआधी कामगारांचा पीएफ भरायची घाई असते. हजेरीवरून आकडे काढायला पायथनची स्क्रिप्ट आणि स्क्रीनवरचे रकाने भरायला पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप, अशी जोडी या कामाला चांगली. विंडोज १० वर हे टूल २०२१पासून फुकट मिळतं. घोळ होतो तो या दोघांच्या मधे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. स्क्रिप्टमधलं ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल टूलला दिसत नाही आणि स्क्रिप्ट संपली की तेही संपतं. पलीकडे जातो तो फक्त मजकूर.

आत पाठवायचं असेल तर कमांडच्या पुढे आर्ग्युमेंट लिहा, जसं महिना आणि फाईलचा पत्ता. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पत्ता दुहेरी अवतरणात टाका, नाहीतर एकाचे दोन तुकडे होतात.

बाहेर आणायचं असेल तर स्क्रिप्टमध्ये प्रिंट करा. टूलमधली ‘रन डॉस कमांड’ ही क्रिया आपल्याला तीन गोष्टी देते: आउटपुट, एरर आउटपुट आणि एक्झिट कोड. आउटपुटमध्ये फक्त उत्तर येऊ द्या. ‘फाईल उघडली’, ‘हिशेब सुरू’ असले निरोप एरर आउटपुटकडे वळवा, नाहीतर तेच रकान्यात जाऊन बसतील. एक्झिट कोड शून्य म्हणजे काम झालं. पायथन मधेच कोसळलं तर १ येतो. आधी हा कोड तपासा, मग उत्तर वाचा. प्रिंट शेवटी नवी ओळ जोडतं, म्हणून मजकूर ट्रिम करूनच वापरा.

शंभर कामगारांची माहिती असेल तर फाईल बरी. फाईल युटीएफ-८ मध्ये लिहा, म्हणजे देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होणार नाहीत. क्लिपबोर्डचा रस्ता टाळा. मधेच कुणी काही कॉपी केलं की तुमची किंमत गेली.

आता सगळ्यात नाजूक जागा. कामगाराचा यूएएन १२ अंकी असतो. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि दशांश चिन्ह, मग ‘ई’, मग ११ अशा छोट्या रूपात दाखवतं. तशीच सेव्ह केली तर शेवटचे अंक कायमचे जातात. बँक खात्याचं तर आणखी वाईट: सुरुवातीची शून्यं गळतात आणि १५ अंकांच्या पुढचे सगळे अंक शून्य होतात. ज्या नंबरवर बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो नंबर नाहीच, तो मजकूर आहे. स्क्रिप्टमध्ये, फाईलमध्ये, टूलमध्ये, सगळीकडे त्याला मजकूरच ठेवा. जेसन फाईल असेल तर अवतरणात लिहा.

पीएफच्या ईसीआर मजकूर फाईलमध्ये दोन रकान्यांच्या मधे स्वल्पविराम नसतो. हॅश, टिल्ड, हॅश अशी खूण असते. ही खूण कुणाच्या नावात किंवा रकमेत यायची शक्यता जवळजवळ नाही. आपली फाईल बनवतानाही असाच विचार करा.

शेवटी, घेणाऱ्या बाजूला तपासणी हवीच. यूएएन १२ अंकी आहे का? स्क्रिप्टने पाठवलेल्या ओळी आणि मिळालेल्या ओळी सारख्या आहेत का? रकमेची बेरीज जुळते का? एक जरी ‘नाही’ आलं तरी टूलने सबमिट न करता थांबावं आणि माणसाला हाक मारावी. रोबोट थांबला तर आपली दहा मिनिटं जातात. चुकीचा नंबर पुढे गेला तर कामगाराला आपल्याच पैशासाठी खेटे घालावे लागतात.

पुढच्या भागात हीच तपासणी टूलमध्ये पायरी-पायरीने बसवू.