संगणकाची गती आणि स्मृतीची साथ

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला आणि पुढे ‘टिफ्रॅक’ या नावाने ओळखला गेलेला संगणक सुमारे २,७०० निर्वात नलिकांचा बनलेला होता. त्याच्या फेराइट कड्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. त्या काळी गणन करणारा विभाग आणि स्मृती यांच्या वेगांत फार मोठे अंतर नसे. पुढील दशकांत गणनाचा वेग झपाट्याने वाढला, स्मृती मात्र मागे पडली.

आजचा ३ गिगाहर्ट्झचा प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, सेकंदाला तीन अब्ज स्पंदांच्या गतीने चालतो. मुख्य स्मृतीतून माहिती येण्यास ८० नॅनोसेकंद लागले, तर तेवढ्यात २४० स्पंद उलटून जातात. म्हणूनच प्रक्रियकाच्या अगदी निकट लहानशी पण शीघ्र स्मृती ठेवलेली असते. तेथे हवी ती माहिती सापडली नाही, की प्रक्रियकाचा पुष्कळसा वेळ वाट पाहण्यात जातो. अशा वेळी केवळ प्रक्रियकाची गती वाढविल्याने फारसा लाभ होत नाही.

स्मृतीच्या बाबतीतही मोठा आकडा फसवा ठरू शकतो. ३,२०० असा अंक असलेल्या डीडीआर-४ स्मृतिपट्टीचे घड्याळ १,६०० मेगाहर्ट्झचे असते, कारण प्रत्येक स्पंदात माहिती दोनदा पाठविली जाते. माहितीचा स्तंभ निवडल्यापासून ती बाहेर पडेपर्यंत १६ स्पंद लागत असतील, तर हा विलंब १० नॅनोसेकंदांचा होतो. २,४०० अंकाच्या पट्टीस १२ स्पंद पुरत असतील, तर तिचाही विलंब तेवढाच. पहिल्या पट्टीतून माहितीचा ओघ अधिक येतो. पहिला थेंब मात्र दोहींतून एकाच वेळी पडतो.

गती वाढविण्याचे मोलही द्यावे लागते. प्रक्रियकात खर्च होणारी वीज स्थूलमानाने स्पंदगतीच्या आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढविल्यास खर्च सुमारे तेहेतीस टक्क्यांनी वाढतो आणि त्याची उष्णता होते. ही उष्णता भोवतालच्या हवेतच सोडावयाची असल्यामुळे स्थळ आणि ऋतू यांचाही विचार करावा लागतो. जबलपूरच्या रांझी भागात हिवाळ्याच्या रात्री निर्दोष ठरलेली मांडणी, पारा चाळीस अंशांवर जाणाऱ्या मे महिन्यात डळमळू शकते.

यंत्र बंद पडले तर दोष निदान कळतो. स्मृतीतील एखादा अंक मात्र निमूटपणे बदलतो, आणि दुकानाचा हिशेब किंवा विद्यार्थ्याचा प्रबंध बिघडल्याचे फार उशिरा ध्यानात येते. यास्तव एका वेळी एकच बदल करावा, मूळच्या मांडणीची नोंद ठेवावी आणि कित्येक तास कसोटी घ्यावी. तीही उन्हाळ्याच्या दुपारी. एकही चूक आढळली, तर एक पायरी मागे यावे. अचूक उत्तर देणारी गती हीच संगणकाची खरी गती होय.