परक्या मैदानावरील पाहुणे

आपल्या गावचा संघ दुसऱ्या गावी खेळावयास जातो, तेव्हा त्याच्याबरोबर टेम्पो भरून गावची मंडळीही जातात. जाताना गाणी असतात, थट्टामस्करी असते. परतताना मात्र पुष्कळदा निराळेच चित्र दिसते. पंचाच्या एखाद्या निर्णयावरून शब्दाने शब्द वाढतो, कोणी कोणाच्या आईबापांचा उद्धार करतो, कोठून तरी एक दगड भिरभिरत येतो आणि दोन गावांच्या जाण्यायेण्यावर व सोयरिकींवर वर्षानुवर्षे पुरेल असा डाग पडतो. कबड्डी असो, फुटबॉल असो वा क्रिकेट असो, गोव्यापासून बेळगावपर्यंतच्या कोणत्याही वाडीला हा अनुभव नवा नाही. आश्चर्य असे, की खेळणारे बहुधा हात मिळवून मोकळे होतात. भांडत राहतात ते पाहणारे!

तेव्हा पाहणाऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न खेळाडूच्या कसबाइतकाच महत्त्वाचा आहे. रग्बी नावाच्या खेळाच्या पाठीराख्यांनी या बाबतीत गेल्या दीडशे वर्षांत काही रीती घडविल्या आहेत. त्या निर्दोष नाहीत, व सर्वत्र पाळल्या जातात असेही नाही. परंतु त्यांतून आपणांस घेण्याजोगे पुष्कळ आहे.

रग्बी आपल्या खेड्यापाड्यांत फारसा खेळला जात नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देतो. प्रत्येक बाजूस १५ खेळाडू असतात. चेंडू गोल नसून लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातांत घेऊन धावता येते. मात्र सहकाऱ्याकडे हाताने द्यावयाचा तर पुढे देता येत नाही. धावणाऱ्याला मिठी मारून जमिनीवर पाडणे हे नियमाला धरूनच असते. सामना संपतो तेव्हा खेळाडू चिखलाने माखलेले व जागोजागी खरचटलेले असतात. इतक्या दांडगाईचा खेळ पाहणारे लोक हमरीतुमरीवर येत असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात, रग्बीच्या मोठ्या सामन्यांत दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांना वेगवेगळे बसविण्याची पद्धत सहसा नाही. पाहुण्या संघाचा चाहता यजमानांच्या गर्दीत, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसतो.

याच्या उलट युरोपातील फुटबॉलच्या मैदानांवर पाहुण्यांसाठी वेगळा कप्पा राखावा लागतो व मध्ये पहारा ठेवावा लागतो. त्यामागे कटू अनुभव आहेत. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्स येथील हेझेल मैदानावर लिव्हरपूल व युव्हेंटस यांच्या सामन्यापूर्वी इंग्लिश पाठीराख्यांनी शेजारच्या कप्प्यावर चाल केली. जीव घेऊन पळणाऱ्यांच्या रेट्याखाली भिंत कोसळली आणि ३९ माणसे प्राणांस मुकली. येथे कोणी म्हणेल, की रग्बीचे लोक जात्याच सभ्य असावेत. हे खरे नव्हे. इंग्लंडातील त्याच शहरांत, किंबहुना पुष्कळदा त्याच घरांत, दोन्ही खेळांचे चाहते राहतात. रक्त तेच आहे. वेगळी आहे ती रीत. ज्याच्या मांडीला मांडी लावून दोन तास बसावयाचे, ज्याला उठताना वाट द्यावयाची, त्याच्यावर दगड उचलणे कठीण जाते. माणूस अनोळखी राहिला म्हणजेच त्याचा शत्रू करणे सोपे जाते.

कलकत्त्याच्या रुपयांचा चषक

या खेळाचा एक धागा आपल्या देशाशीही जुळलेला आहे. १८७२ सालच्या नाताळाच्या दिवशी कलकत्त्यात इंग्रज एका बाजूस आणि स्कॉटिश, आयरिश व वेल्श लोक दुसऱ्या बाजूस, असा सामना झाला. त्यातून पुढील वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. चार-पाच वर्षांत तो मोडकळीस आला. उष्ण हवेला पोलो व टेनिस अधिक मानवले, पलटणीतील खेळाडू बदलून गेले. आणि क्लबातील फुकटचे मद्य बंद होताच सभासदांची संख्याही रोडावली, असे सांगतात! उरलेल्या शिलकीची मेजवानी करून टाकण्याऐवजी सभासदांनी बँकेतून २७० चांदीचे रुपये काढले, ते वितळवून एक चषक घडविला व १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी मंडळास अर्पण केला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी असून झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड या चषकासाठी झुंजत आले आहेत. पहिलाच सामना बरोबरीत सुटला होता.

एका वर्षी हा सामना लंडनजवळच्या ट्विकनहॅमला, तर दुसऱ्या वर्षी एडिंबरोच्या मरेफील्डला भरतो. त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांवर पाळीपाळीने यजमान व पाहुणा होण्याची वेळ येते. ज्याला पुढच्या वर्षी आपल्या दारी यावयाचे आहे, त्याला यंदा कसे वागवावे, हे मग शिकवावे लागत नाही. आपल्याकडील सोयरिकीचा व्यवहार यापेक्षा निराळा आहे काय?

पंचवीस हजारांचे मौन

आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात शॅनन नदीच्या काठी लिमरिक हे शहर आहे. तेथे रग्बी हा केवळ बड्या लोकांचा खेळ राहिला नाही; गोदीतील हमाल व डॉक्टर तेथे एकाच संघासाठी ओरडतात. ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी येथील थॉमंड पार्क मैदानावर मन्स्टरने न्यूझीलंडच्या बलाढ्य संघास १२-० असे हरविले, ती आठवण तेथे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते.

परंतु या मैदानाची खरी कीर्ती आहे ती तेथील मौनाची. खेळात नियमभंगाबद्दल प्रतिपक्षास दंडाची लाथ मिळते. चेंडू जमिनीवर ठेवून खेळाडू चार पावले मागे जातो व उंच खांबांच्या मधून चेंडू पलीकडे धाडू पाहतो. त्या एका लाथेला तीन गुण असतात. पुष्कळ सामने एवढ्यावरच ठरतात. अशा वेळी आरडाओरडा करून त्याचे चित्त विचलित करणे यजमान प्रेक्षकांना अगदी सोपे असते. थॉमंड पार्कवर मात्र आपला खेळाडू असो वा परका, चेंडूवर पाय पडेपर्यंत पंचवीस हजारांच्या जमावात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरते. पाहुण्याला त्याची संधी निर्वेध मिळावी, हा त्या मौनाचा अर्थ. काही पाहुणे खेळाडू म्हणतात, की असल्या शांततेतच पाय अधिक लटपटतात. तो भाग वेगळा!

१९९५ साली युरोपातील क्लबांची स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून मन्स्टरची लाल जर्सी घातलेले लोक हजारोंच्या संख्येने फ्रान्सच्या गावोगावी जाऊ लागले. परक्या मैदानावर जाणे हे सोपे नसते. भाषा कळत नाही, परतीचा प्रवास लांबचा असतो, संघ हरला तर भोवती दुसऱ्यांचा जल्लोष असतो. आपले मूठभर व त्यांचे हजारो, अशा वेळी माणूस एकतर आक्रस्ताळा होतो किंवा नम्र होतो. येथेच यजमानाच्या वागण्याला मोल येते. फ्रेंच लोक सामन्यानंतरच्या गप्पा, गाणी व खाणेपिणे यांना ‘तिसरा डाव’ म्हणतात. खेळाचे दोन डाव मैदानावर होतात. तिसरा एकाच मेजाभोवती, जिंकलेले व हरलेले मिळून.

१६ ऑक्टोबर २०१६ या रविवारी पॅरिसजवळच्या कोलोंब येथे मन्स्टरचा सामना होता. त्या सकाळी संघाचे मुख्य प्रशिक्षक अँथनी फोली हॉटेलातील आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. ते अवघे ४२ वर्षांचे होते. याच संघातून ते अनेक वर्षे खेळले होते. सामना पुढे ढकलण्यात आला. आयर्लंडहून आलेले पाठीराखे तरीही मैदानाच्या दाराशी जमले आणि खेळ पाहण्याऐवजी त्यांनी आपली गाणी गाऊन त्यांना निरोप दिला. पुढच्या शनिवारी, अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी, लिमरिकला ग्लासगोशी सामना झाला. फोलींचा ८ हा क्रमांक त्या दिवशी कोणालाच देण्यात आला नाही. खेळातील हारजीत किती लहान असते, हे तेथे जमलेल्यांना सांगावे लागले नाही.

दोन राष्ट्रांची परीक्षा

पाहुणचाराची खरी कसोटी लागते ती मनात जुने वैर असताना. १९७२ च्या आरंभी उत्तर आयर्लंडातील डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. संतप्त जमावाने डब्लिन येथील ब्रिटिश वकिलात जाळली. त्या वर्षी स्कॉटलंड व वेल्स यांनी भीतीपोटी आपले संघ डब्लिनला पाठविले नाहीत. १९७३ साली इंग्लंडची पाळी आली. ज्यांच्याविषयी सर्वांत अधिक राग, तेच येणार की नाही, अशी शंका होती. १० फेब्रुवारीस इंग्लंडचा संघ मैदानात उतरला, तेव्हा सारे आयरिश प्रेक्षक उभे राहिले आणि सुमारे पाच मिनिटे टाळ्यांचा कडकडाट चालू राहिला. सामना आयर्लंडने १८-९ असा जिंकला. रात्रीच्या भोजनप्रसंगी इंग्लंडचे कर्णधार जॉन पुलिन म्हणाले, की आम्ही फारसे चांगले खेळत नसू, पण निदान आम्ही येतो तरी! ही ओळ आयर्लंडात अजून विसरली गेलेली नाही.

त्याहून कठीण प्रसंग २००७ साली आला. डब्लिनचे क्रोक पार्क हे आयरिश देशी खेळांचे मैदान. २१ नोव्हेंबर १९२० रोजी तेथे ब्रिटिश शिपायांनी सामन्याच्या वेळी गोळीबार केला व १४ माणसे मारली; त्यांत मुलेही होती व मायकेल होगन हा खेळाडूही होता. त्याच्या नावाची प्रेक्षक-सज्जा तेथे आजही उभी आहे. परदेशी खेळांना हे मैदान दीर्घकाळ बंद होते. रग्बीचे नेहमीचे मैदान नव्याने बांधावयास काढल्यामुळे ते तात्पुरते उघडण्यात आले, आणि २४ फेब्रुवारी २००७ रोजी त्याच भूमीवर इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजावयाचे होते. कोणी शिट्ट्या मारतील, कोणी ओरडतील, अशी धास्ती देशभर होती. गीत वाजले, ८२ हजारांचा समुदाय निःशब्द उभा राहिला व शेवटी टाळ्याही पडल्या. त्यानंतर आयर्लंडने ४३-१३ असा विजय मिळविला. इतिहास कोणी विसरले नव्हते. मात्र दारी आलेल्या आजच्या पाहुण्यावर कालच्या पापाचा हिशेब काढावयाचा नाही, एवढे त्यांनी ठरविले होते.

जपानी लोकांनी तर याहून पुढे पाऊल टाकले. २०१९ साली विश्वचषक स्पर्धा तेथे भरली, तेव्हा किताक्यूशू शहरात वेल्सच्या संघाचा सराव पाहण्यास १५ हजार लोक जमले आणि त्यांनी वेल्श भाषेतील राष्ट्रगीत पाठ करून म्हटले. पाहुण्याचे गाणे त्याच्याच भाषेत गाणे, यापेक्षा मोठा सत्कार कोणता?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लांद प्रांतात लारिव्हिएर नावाचे खेडे आहे. १९६४ साली दाक्स क्लबचे तीन तरुण खेळाडू मोटार अपघातात मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ आबे मिशेल देव्हेर या धर्मगुरूंनी टेकडीवरील एका जुन्या प्रार्थनामंदिराचा जीर्णोद्धार केला. १९६७ पासून ते ‘रग्बीची आमची माता’ या नावाने ओळखले जाते. खिडकीच्या रंगीत काचेवर पवित्र मरिया व बाळ येशू यांच्यासह रग्बीचा चेंडू चितारलेला आहे. भिंतींवर अनेक क्लबांच्या जर्सी टांगल्या आहेत. रविवारी एकमेकांना चिखलात लोळविणारे तेथे शेजारी शेजारी लटकलेले आहेत, आणि मृतांच्या आठवणीपुढे त्यांच्या रंगांत कोणी लहान-मोठा नाही.

रीत टिकवावी लागते

असे असले, तरी हे चित्र निष्कलंक नाही. मद्य हा या खेळाचा जुना दोष आहे. १९८८ साली सामन्यानंतरच्या रात्री दोन्ही संघांच्या खेळाडूंनी तोच कलकत्त्याचा चषक एडिंबरोच्या रस्त्यात असा काही हाताळला, की तो ठेचकाळून दुरुस्तीस पाठवावा लागला. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी कार्डिफ येथे वेल्सचा एक खेळाडू गुण मिळविण्याच्या बेतात असताना प्रेक्षकांतील एकजण मैदानात घुसला व त्याने रंगाचा बेरंग केला. १९९५ पासून हा खेळ पैशाचा झाला, तशी लाथ मारणाऱ्याची हुर्यो उडविण्याची सवयही काही मैदानांवर शिरली. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालविणारे पंच वेन बार्न्स यांना व त्यांच्या कुटुंबीयांना फोनवरील समाजमाध्यमांतून धमक्या आल्या. शेजारी बसलेल्यास जो शिवी देणार नाही, तो घरी बसून अनोळखी माणसाला खुशाल देतो. यावरूनच शेजारी बसण्याचे मोल कळते.

वाचकहो, यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. आपल्या मैदानावर दुसऱ्या गावची मंडळी आली, तर त्यांना उन्हात एका कडेला उभे न करता आपल्याच सतरंजीवर जागा द्यावी. त्यांचा खेळाडू महत्त्वाचा फटका घेत असताना मुलांना गप्प राहावयास सांगावे. सामना संपल्यावर आधी पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवाव्यात, मग आपल्यांसाठी. पंचाचा निर्णय पटला नाही, तर तो दोन्ही कर्णधारांवर सोपवावा. बाटली मैदानाच्या आसपास येऊ देऊ नये. आणि टेम्पो सुटण्यापूर्वी चहा व भजी सर्वांनी मिळून घ्यावीत. आपला ‘तिसरा डाव’ तोच.

आपण पाहुणे म्हणून गेलो, तर गाणी मोठ्याने म्हणावीत, परंतु कोणाला डिवचणारी म्हणू नयेत. हरलो, तर हात मिळवूनच निघावे. ज्या घरी आज आपण हरून आलो, त्याच घरी उद्या आपली लेक नांदावयास जाऊ शकते. ढाल कोणत्याही गावी गेली, तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा मैदानावर यावयाची आहे. गेलेला शेजार मात्र इतक्या सहजी परत येत नाही.